चोवीस फोटो, एक गाव आणि अर्धी म्हैस

दर उन्हाळ्यात पेपरात एक बातमी ठरलेली असते: 'उजनी उणे अमुक टक्के'. आमच्या हिंजवडीच्या हापिसात एकदा कुणीतरी ती मोठ्याने वाचली, तेव्हा नागपूरकडचा एक सहकारी म्हणाला, "धरणात उणे पाणी? तुम्ही लोकांनी साइन्ड इंटिजर वापरलाय की काय?" सगळे हसले. मीही हसलो. पण मग चहाच्या टेबलावर त्याला समजावून सांगणं भाग पडलं, कारण त्या 'उण्या'तच आमच्या घराण्याचं गाव आहे.

तर सांगतो. उजनीची एकूण साठवण साधारण ११७ टीएमसी. त्यातला ६३.६६ टीएमसी मृतसाठा आणि उरलेला ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठा. टक्केवारी मोजतात ती या उपयुक्त साठ्याची. तो संपला की शून्य, आणि त्याखाली पाणी जायला लागलं की उणे. म्हणजे उणे ५० टक्के झालं तरी धरणात ३७ टीएमसीच्या आसपास पाणी असतंच. पुण्याला पाणी देणारी खडकवासला साखळीतली चारही धरणं काठोकाठ भरली तरी त्यांचा उपयुक्त साठा २९ टीएमसीच्या घरात जातो. यावरून काय ते समजा.

२०२४ च्या उन्हाळ्यात हा आकडा उणे ५० च्याही खाली गेला. आणि आमचं गाव वर आलं.

पळसदेव. तालुका इंदापूर, भीमेच्या काठी. पुण्याहून सोलापूर हायवेने निघालं की पाटस, कुरकुंभ, भिगवण, डाळज आणि मग पळसदेव. पण हायवेला लागून दिसतं ते नवं गाव. जुनं गाव आत, पाण्याखाली. उजनीचं काम १९६६ मध्ये सुरू झालं, १९८० मध्ये धरण पूर्ण झालं, आणि त्याच्या आधीच, सत्तरच्या दशकाच्या शेवटी, पाणी चढत गेलं तशी काठची गावं उठत गेली. गावकऱ्यांनी देव बरोबर आणला. पळसनाथाचं जुनं देऊळ मात्र जिथल्या तिथे राहिलं. खाली दगडी बांधणी आणि वर विटा-चुन्याचं उंच शिखर. धरण भरलेलं असताना पाण्यातून फक्त शिखर डोकावतं. पाणी उतरलं की खांब, वीरगळ, सतीशिळा असं सगळं उघडं पडतं. आणि फारच उतरलं तर देवळाभोवतीचं गावही. म्हणजे जोती, पायऱ्या, विहिरींचे काठ. भिंती कधीच विरघळल्या.

आजी या गावची सून. आता बारामतीला आमच्या घरी असते. वय ७७, डोकं तल्लख, गुडघे मात्र गेलेले. बातमी वाचून दाखवल्यावर मी म्हटलं, "आजी, चल, गाडीने नेतो." ती म्हणाली, "गाडी काय चिखलात जानाराय व्हय? मला न्हाई यायचं. तू फोटू आन. पर आसा आन, की त्यात मला आमचा उंबरा हुडकता आला पायजे."

इतकं नेमकं रिक्वायरमेंट डॉक्युमेंट मला आजवर एकाही क्लायंटने दिलेलं नाही.

---

पहिल्या शनिवारी मी नुसता मोबाईल घेऊन गेलो. शेवटचा टप्पा भेगाळलेल्या गाळातून चालत. उभा राहिलो, पॅनोरमा मोड लावला, डावीकडून उजवीकडे हात फिरवला, झालं. आता कुणाच्याही हातात असलेली ही सोय आहे, त्यात काय मोठंसं.

संध्याकाळी बारामतीत टीव्हीला जोडून आजीला दाखवला. शिखर दिसल्याबरोबर तिने हात जोडले. मग म्हणाली, "आता जवळ ने." मी झूम केलं. दगडांच्या जागी तपकिरी लापशी. अजून झूम केलं, अजून लापशी. शिवाय एक म्हैस होती चरत असलेली. तिचं तोंड आणि पुढचे पाय होते, पुढे एकदम मोकळं रान. आजीने बराच वेळ निरखून विचारलं, "हिचं मागचं आंग कुटं गेलं रं?"

म्हशीचं कारण सरळ आहे. मोबाईल फिरवत असताना तो पट्ट्यापट्ट्यांनी चित्र जोडत जातो, आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये म्हैस चालली. लापशीचं कारणही सरळ आहे. मोबाईलचं भिंग रुंद पाहणारं असतं. सगळं रान एका चित्रात येतं, पण प्रत्येक दगडाच्या वाट्याला पाच-पंचवीस पिक्सेल येतात. त्यातून उंबरा कसा सापडणार?

'सगळं' दिसायला हवं आणि 'बारीक' पण दिसायला हवं, ही अडचण माझी एकट्याची नाही. ती फोटोग्राफीइतकीच जुनी आहे. त्या रविवारी उकाड्यात पंख्याखाली पडून मी हेच वाचत बसलो.

---

सुरुवातीच्या काळात फोटो मोठा करणं, म्हणजे एनलार्ज करणं, व्यवहारात जवळजवळ नव्हतंच. जेवढी प्लेट तेवढं चित्र. मोठं चित्र हवं असेल तर मोठी प्लेट, आणि मोठ्या प्लेटला मोठा कॅमेरा, तो उचलायला जादा माणसं. याला दुसरा उपाय म्हणजे कॅमेरा थोडा थोडा वळवत एकापाठोपाठ एक प्लेटा घ्यायच्या आणि त्या शेजारीशेजारी मांडायच्या. अमेरिकेत १८४८ साली फॉन्टेन आणि पोर्टर या दोघांनी सिनसिनाटी शहराचा नदीकाठ असा आठ डॅगेरोटाइप प्लेटांवर टिपला. गंमत म्हणजे दीडशेहून अधिक वर्षांनी त्या प्लेटा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या, तेव्हा साध्या डोळ्यांना ठिपका वाटणाऱ्या मनोऱ्यावरच्या घड्याळातले काटे वाचता आले! काढणाऱ्यांना स्वतःला ते काटे कधी दिसले नसतील. पण त्यांनी टिपले होते म्हणून पुढच्यांना सापडले.

आपल्याकडे फेलिचे बेआतो हा छायाचित्रकार १८५७ च्या उठावानंतर आला आणि १८५८ मध्ये त्याने लखनौ आणि दिल्ली या शहरांची अशी जोडचित्रं काढली. तोफांनी फोडलेल्या इमारतींचं अख्खं क्षितिज, एकाला एक लावलेल्या प्रिंटांमध्ये. मुंबईत तर त्याच्या आधीच, १८५४ मध्ये, फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती, आणि तिच्या सुरुवातीच्या सभासदांत डॉ. नारायण दाजी होते, म्हणजे डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. त्यात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईतले नावाजलेले छायाचित्रकार झाले. म्हणजे हे तंत्र आपल्याकडे उशिरा आलं अशातला भाग नाही. पॅरिसमध्ये १८३९ साली डॅगेरोटाइप जाहीर झालं, त्यानंतर पंधरा-सोळा वर्षांत मुंबईत ते शाळेत शिकवत होते.

पण ही जुनी जोडचित्रं नीट पाहा. प्रत्येक तुकड्याची कड स्पष्ट दिसते. एका तुकड्यात आकाश उजळ, शेजारच्यात काळपट. दोन प्लेटांच्या मध्ये बराच वेळ गेलेला असे, तेवढ्यात सावल्या सरकत. चित्र कागदावर जोडलेलं नसे, शेजारी फक्त मांडलेलं असे. जोडायचं काम पाहणाऱ्याच्या डोळ्याचं.

चंद्रावरही हेच झालं. १९६६ ते १९६८ या काळात नासाची सर्व्हेयर यानं चंद्रावर उतरली. त्यांच्या कॅमेऱ्याने पाठवलेली चिटुकली चित्रं छापून माणसांनी ती हाताने पोकळ गोलाच्या आतल्या बाजूला चिकटवली, म्हणजे गोलात डोकं घालून चंद्रावर उभं राहिल्यासारखं पाहता येई. चंद्रावर जाण्याइतकं तंत्रज्ञान, आणि शेवटी डिंक आणि कात्री!

---

आता दुसरी गोष्ट. मला लांबचं बारीक टिपणारं भिंग हवं होतं, आणि महिनाअखेर होती. माझ्याकडे सोनीचा एक जुना मिररलेस कॅमेरा आहे, २४ मेगापिक्सेलचा, सोबत आलेलं बरं म्हणण्याजोगं एक भिंग. चांगलं भिंग घ्यायचं तर कॅमेऱ्याच्या दुप्पट किंमत. तेव्हा आजीनेच आठवण करून दिली, "माझ्या भावाची पेटी हाय की माळ्यावर."

आजीचा धाकटा भाऊ, आमचे मामाआजोबा. काही वर्षांपूर्वी गेले. त्यांना फोटोचा नाद होता. आधी अॅग्फा क्लिक थ्री, १२० च्या रोलवर १२ चौकोनी फोटो काढणारा. मग ऐंशीच्या दशकात कुणाकडून तरी घेतलेला रशियन झेनिट. पेटीत झेनिट होता, त्याचं शटर अडकलेलं. पण त्यावरचं हेलिओस ५८ मिमी भिंग ठणठणीत. थोडी धूळ, बुरशी नाही. आणि एका पाकिटात एक फोटो होता, त्याच्याकडे नंतर येतो.

रशियन भिंग जपानी कॅमेऱ्यावर कसं बसवायचं? इथे अॅडॉप्टर येतो. हा प्रकार दिसतो गूढ, पण आहे बाळबोध. प्रत्येक कॅमेऱ्यात भिंग जिथे बसतं ती कड आणि मागची फिल्म किंवा सेन्सर यांच्यातलं अंतर ठरलेलं असतं. भिंगाची बनावट त्या अंतराला धरून केलेली असते. झेनिटचं भिंग एम४२ आट्याचं, म्हणजे ४२ मिमी व्यासाचं, साध्या बाटलीच्या झाकणासारखं फिरवून बसवायचं. ही पद्धत १९४९ च्या सुमारास पूर्व जर्मनीत ड्रेस्डेनच्या कॉन्टॅक्स एस कॅमेऱ्याबरोबर पुढे आली. तिचं अंतर ४५.४६ मिमी, कारण एसएलआर कॅमेऱ्यात मध्ये आरसा हलायला जागा लागते. मिररलेसमध्ये आरसाच नाही, म्हणून माझ्या सोनीचं अंतर फक्त १८ मिमी. उरले २७.४६ मिमी. तेवढ्या लांबीची एक पोकळ नळी, एका बाजूला आटे, दुसऱ्या बाजूला सोनीची पकड. आत काच नाही, वायर नाही, चिप नाही. हजार रुपयांच्या आत मिळाली.

म्हणूनच २००८ मध्ये पहिले मिररलेस कॅमेरे आले आणि जगभरच्या माळ्यांवरची, तळघरांतली भिंगं एकदम जिवंत झाली. त्याआधी हे सरसकट जमत नव्हतं. कॅननचा १९८७ चा ईएफ माउंट ४४ मिमीचा, निकॉनचा १९५९ पासूनचा एफ माउंट ४६.५ मिमीचा. कॅननवर एम४२ भिंगासाठी दीड मिमीची चकती पुरते, पण निकॉनवर अंतर आधीच जास्त, चकती घालणार कुठे? थोडक्यात, जुन्याला नव्यावर बसवायचं असेल तर नव्यात थोडी मोकळी जागा लागते. (हे वाक्य मी आमच्या घरातल्या काही मंडळींनाही ऐकवून पाहिलं. उपयोग झाला नाही. :) )

अर्थात फुकट काही नसतं. ऑटोफोकस गेला, छिद्राचा आकार हाताने कडं फिरवून लावायचा, कॅमेऱ्याला भिंग बसलंय हेसुद्धा कळत नाही. स्वस्त अॅडॉप्टर मुद्दाम किंचित पातळ बनवतात, म्हणजे अनंतावरचा फोकस चुकायला नको. त्यामुळे भिंगावरच्या अनंताच्या खुणेवर विसंबता येत नाही, स्क्रीनवर मोठं करून डोळ्याने जुळवावं लागतं. पण आपल्याला कुठे पळत्या मुलांचे फोटो काढायचे होते? गाव चाळीसेक वर्षं जागचं हललेलं नाही.

याच भिंगाची अजून एक गंमत मित्राकडून कळली. हेलिओस बनवलं ३६ × २४ मिमीच्या फिल्मसाठी, म्हणजे ते साधारण ४३ मिमी व्यासाचं गोल चित्र आत टाकतं. माझा सेन्सर त्याहून लहान, २३.५ × १५.६ मिमी. कडेचं सगळं चित्र वाया. मित्राकडे सरकता अॅडॉप्टर होता. त्यात भिंग जागेवर ठेवून कॅमेरा मागच्या मागे १० मिमी डावीकडे, १० मिमी उजवीकडे सरकवता येतो. कॅमेरा उभा धरून तीन फोटो घेतले की जवळजवळ पूर्ण ३६ × २४ चा चौकोन भरून निघतो. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून ५५ मेगापिक्सेलच्या आसपासचं चित्र. भिंग हललेलंच नसतं, त्यामुळे जोडही अचूक बसतो. देवळाची भिंत आणि वीरगळ टिपायला मी हीच पद्धत वापरली.

---

दुसऱ्या शनिवारी पहाटे चारला बारामती सोडली. ऊन चढलं की गाळावरून हवा थरथरते आणि सगळी मेहनत फुकट जाते, म्हणून सूर्य वर यायच्या आत तयार राहायचं होतं. ट्रायपॉड, कॅमेरा उभा, छिद्र एफ-८, फोकस आणि एक्स्पोजर एकदा लावून मग हात लावायचा नाही.

कॅमेरा फिरवताना तो भिंगातल्या एका ठराविक बिंदूभोवतीच फिरला पाहिजे. नाहीतर काय होतं ते आत्ताच करून पाहा: एक डोळा मिटा, बोट नाकासमोर धरा, मान फिरवा. बोट मागच्या भिंतीवर सरकताना दिसेल. कॅमेऱ्याचंही तेच. जवळचा दगड एका फोटोत जोत्याच्या डावीकडे, पुढच्यात उजवीकडे. मग जोडणार काय? म्हणून कॅमेरा पट्टीवर थोडा मागे सरकवून, जवळची काठी आणि लांबचं शिखर एकमेकांना सोडत नाहीत अशी जागा शोधायची. अर्धा तास त्यातच गेला.

मग वरची रांग १२ फोटो, खालची रांग १२ फोटो. ५८ मिमी भिंगाने उभ्या कॅमेऱ्यात एका फोटोत रुंदीला साधारण १५ अंश येतात; मी दर वेळी १० अंशच वळवत होतो. म्हणजे प्रत्येक फोटोचा एक तृतीयांश भाग आधीच्या फोटोतलाच, पुन्हा घेतलेला.

रात्री हिशोब केला. २४ फोटो गुणिले २४ मेगापिक्सेल, म्हणजे ५७ कोटी पिक्सेल टिपले. जोडून झालेलं चित्र निघालं ३१,००० बाय १०,००० च्या आसपास, म्हणजे ३१ कोटी. उरलेले २६ कोटी कुठे गेले? ओव्हरलॅपमध्ये. जवळजवळ निम्मी मेहनत तेच तेच पुन्हा टिपण्यात.

आमच्या धंद्यात याला रिडन्डन्सी म्हणतात आणि ती दिसली की रिव्ह्यूत लाल शेरा बसतो. पण इथे ती काढून टाकली तर जोडच बसत नाही. विमानातून फोटो घेऊन नकाशे बनवणाऱ्यांना हे फार पूर्वी कळलं होतं. उड्डाणाच्या दिशेने लागोपाठच्या दोन फोटोंत साधारण ६० टक्के भाग सामाईक ठेवायचा, हा त्यांचा जुना नियम आहे. निम्म्याहून जास्त पुनरावृत्ती, कारण दोन्ही फोटोंत दिसणारा तोच दगड, तेच झाड, तीच विहीर या एवढ्याच आधारावर दोन चित्रं एकमेकांना ओळखतात.

संगणकाला ही ओळख शिकवायला बराच काळ लागला. १९९८ मध्ये हेल्मुट डेर्श या जर्मन प्राध्यापकाने पॅनोरमा टूल्स नावाचं सॉफ्टवेअर लिहून फुकट वाटलं. त्यात समान बिंदू माणसाने एकेक करून दाखवायचे. १९९९ मध्ये कॅनडातल्या डेव्हिड लो यांनी सिफ्ट ही पद्धत मांडली. चित्र फिरलं, लहानमोठं झालं तरी त्यातले खास बिंदू पुन्हा ओळखता येतील अशी. आणि २००३ मध्ये मॅथ्यू ब्राऊन आणि लो यांनी फोटोंचा विस्कटलेला ढीग टाकला तरी कुठला कुणाच्या शेजारचा हे आपसूक ओळखणारी रीत दाखवली. मी वापरलेलं हगिन हे फुकट सॉफ्टवेअर याच घराण्यातलं.

यातला मला सगळ्यात आवडणारा भाग म्हणजे खोटे साक्षीदार कसे ओळखायचे तो. संगणकाला दोन फोटोंत शेकडो 'सारखे' बिंदू सापडतात, पण त्यातले पुष्कळ चुकीचे. गाळातली एक भेग दुसऱ्या भेगेसारखीच दिसते. १९८१ मध्ये फिश्लर आणि बोलेस यांनी यावर तोडगा सांगितला. सगळ्यांवर एकदम विश्वास ठेवू नका. दोन फोटो एकमेकांवर बसवायला चार जोड्या पुरतात. कुठल्याही चार उचला, त्यावरून जोड बसवून पाहा, आणि मग बाकीच्यांतले किती त्याला दुजोरा देतात ते मोजा. पुन्हा दुसऱ्या चार घ्या. ज्या बसवणीला जास्तीत जास्त जण हो म्हणतील ती खरी, बाकीचे चूक. पंचायतीचाच न्याय, फक्त सेकंदाला हजार वेळा.

---

आता पाकिटातला तो फोटो. अॅग्फाचा चौकोनी, तळहाताच्या निम्मा. मागे निळ्या शाईत 'भाऊबीज १९७५'. मामाआजोबा बहिणीकडे भाऊबिजेला आले होते तेव्हाचा. दारात आजी, २८ वर्षांची, कडेवर आत्या, पदर धरून उभे पाच वर्षांचे बाबा. आणि मागे, छपराच्या वर उजवीकडे, पळसनाथाचं शिखर.

माझ्या डोक्यात लगेच किडा वळवळला. १९७५ चा फोटो आणि २०२४ चं चित्र, दोन्हींत शिखर आहे. म्हणजे ओव्हरलॅप आहे! जोडता येईल!

नाही आलं. हगिनला दोन्ही दिले, त्याने सरळ हात वर केले. मग हाताने बिंदू द्यायला बसलो. शिखरावर दोन मिळाले, तेही जवळजवळ. चार हवे होते. बाकीच्या फोटोत होतं ते घर, छप्पर, कडुनिंब, माणसं. त्यातलं आता रानावर काहीच नाही. शिखराची कुठली बाजू दिसते यावरून दिशेचा अंदाज आला, पण त्या दिशेला शंभरेक जोती. मामाआजोबा कुठे उभे होते हे सांगायला मामाआजोबा नाहीत.

मग चित्र टीव्हीवर लावलं आणि रिमोट बाजूला ठेवून आजीला म्हटलं, "तू सांग, मी नेतो."

तिने देवळापासून सुरुवात केली. "हितनं खाली चल. हा पार. हं, हाच. ह्याच्या अंगाला वाट. आता डाव्या हाताला हीर दिसंल." झूम केलं, गाळातून वर आलेलं दगडी कडं, अर्धं. या वेळी लापशी नव्हती, दगडाला दगड सुटा दिसत होता. "ही पांढरीतली हीर. हिच्यावरनं म्होरं पाटलाचा वाडा." दोन पायऱ्या आणि मोठ्या चौथऱ्याची कड. "त्याच्या मागं ये. न्हाई, लई गेलास. मागं. हं."

तिथे एक लांबट दगड होता, मधोमध झिजलेला, भोवती काही नाही. आजी उठून टीव्हीजवळ गेली. त्या दगडाच्या डाव्या टोकाला एक खोलगट खळगा होता, तो तिने बोटाने दाखवला. "हितं मी मिरच्या कुटायची. सासूबाई वरडायच्या, उंबऱ्यावर कुटू नगंस म्हनून."

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलोय. पाराची, विहिरीची, उंबऱ्यावरच्या मिरच्यांची, सासूबाईंच्या ओरडण्याची. इतक्या वेळा ऐकलीय की दुसऱ्या वाक्यालाच मी मोबाईल काढायचो, आणि आई डोळ्यांनी दटावायची. तेच तेच काय सांगते, असं वाटायचं. त्या रात्री लक्षात आलं की ती तेच तेच सांगत होती म्हणूनच पार म्हटल्यावर पुढे वाट येणार, वाटेनंतर विहीर येणार हे मलाही पाठ होतं, आणि माझा हात झूम करताना एकदाही चुकला नाही. (एकदा चुकला. ते वर लिहिलंय.)

पार, विहीर, पाटलाच्या पायऱ्या, उंबरा. चार बिंदू झाले.

तो १९७५ चा फोटो मग मी चित्रात त्या जागी ठेवला. गणिताने तंतोतंत बसत नाही, कारण मी उभा होतो तिथून ती बाजू तिरपी दिसते. त्या जागेवर उभं राहून पुन्हा एक फोटो घ्यायला हवा होता. पण पाऊस आला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये उजनी शंभर टक्के भरली. उंबरा पुन्हा खाली.

पाणी पुन्हा उतरेल, आज ना उद्या. घाई त्याची नाही. उजनीच्या पाण्याखालची जुनी गावं ज्यांनी तरुणपणी चालून पाहिली, ती माणसं आता पंचाहत्तरी-ऐंशीत आहेत. आमच्याशी त्यांचा ओव्हरलॅप आहे तोवरच हा जोड बसणार. कोयना, पानशेत, उजनी, यांपैकी कुठलंही पाणी तुमच्या घराच्या इतिहासात असेल, तर एखादा वीकांत त्यांच्याशेजारी बसा, आणि तीच गोष्ट पुन्हा सुरू झाली तर मोबाईल काढू नका. किंवा काढा, पण रेकॉर्डिंगसाठी.

असो. काम अजून संपलेलं नाही. आजी म्हणते विहिरीच्या डाव्या अंगाला चिंच होती. नव्या पळसदेवला तिच्या जुन्या शेजारीण आहेत, त्यांना मी चित्र दाखवलं तेव्हा त्या ठामपणे म्हणाल्या, चिंच उजव्या अंगाला, डावीकडे बाभळ. दोघींची फोनवर वादावादी झाली. तडजोड नाही. तेव्हा येत्या रविवारी दोघींना बारामतीत एकाच टीव्हीसमोर बसवतोय. तिसरी साक्षीदार म्हणून आत्यालाही बोलावलंय. पण ती त्या फोटोत कडेवर होती, तेव्हा तिचं मत किती धरायचं हा प्रश्नच आहे.